‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचा आदेश आहे काय?



‘जगात बलवानच टिकतो, हा डार्विनचा नियम आहे’ असे धंद्याच्या आणि राजकारणाच्या गप्पांत आपण सहज बोलून जातो. या वाक्याने काय घडवले, ते आज थोडक्यात पाहू.

चार्ल्स डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ १८५९ साली निघाला. ज्या जीवांचे गुण परिस्थितीशी जुळतात ते टिकतात व त्यांची संतती वाढते, असे तो सांगतो. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे शब्द मात्र हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाचे, १८६४ चे. डार्विन यांनी ते १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारले. येथे ‘फिट’ म्हणजे परिस्थितीला जुळणारा. बलवान नव्हे आणि श्रेष्ठ तर नव्हेच. झुरळही कोट्यवधी वर्षे टिकले आहे!

स्पेन्सर यांनी हा विचार समाजाला लावला व सरकारने गरिबांना मदत करण्यास विरोध केला. अमेरिकेतील पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी त्यांचे चाहते होते. स्पर्धेचा नियम एखाद्या माणसाला कठोर वाटला तरी मानववंशाच्या हिताचा आहे, असे त्यांनी १८८९ च्या लेखात मांडले. पुढे त्यांनी अफाट दानधर्म केला, हेही खरे. पण १८९२ मध्ये त्यांच्याच होमस्टेड कारखान्यात मजुरीवरून संघर्ष पेटला, गोळीबारात माणसे मेली आणि कामगार संघटना मोडली गेली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात वेगळा निकष दिला होता. कामगार नाइलाजाने कमी मजुरीला राजी झाला, एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. तिच्यावर त्याचा साधा निर्वाह चालला पाहिजे.

राजकारणात याचे फळ अधिक कडू निघाले. ‘सुप्रजनन’ या नावाखाली ‘कमी प्रतीच्या’ माणसांना मुले होऊ नयेत, असे कायदे झाले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्यातील कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. नऊपैकी एकच न्यायमूर्ती विरोधात गेले: पिअर्स बटलर, त्या न्यायपीठावरील एकमेव कॅथलिक. १९३० मध्ये पोप पायस अकरावे यांनी अशा सक्तीचा निषेध केला. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाली. पुढे अपंगांना ठारच मारण्यात आले.

मग दोष विज्ञानाचा का? नाही. उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनीच १९९६ मध्ये म्हटले. चूक तर्काची आहे. ‘असे घडते’ यावरून ‘असेच घडावे’ हे सिद्ध होत नाही. पूर येतो म्हणून आपण बुडणाऱ्याला सोडून देत नाही. दुर्बलांना जाणूनबुजून टाकून दिले तर आपल्या स्वभावातील उदात्त अंशच खालावेल, असे खुद्द डार्विन यांनी १८७१ मध्ये लिहिले आहे.

निसर्ग कसा चालतो, हे विज्ञानाला विचारावे. शेजाऱ्याशी कसे वागावे, हे मात्र आपल्या विवेकाला विचारावे.

चिंतनासाठी: माझ्या दुकानात, शेतात वा घरात काम करणाऱ्याची मजुरी मी कशावरून ठरवतो? त्याच्या नाइलाजावरून की त्याच्या गरजेवरून?