टाके पडले, आता ती राहणार कुठे?



आम्ही दवाखान्यात नर्सची नोकरी करत होतो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीला एक ताई आली. डोक्याला सात टाके पडले. केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘जिन्यावरून पडली’. सकाळी डिस्चार्ज मिळाला आणि ज्यानं मारलं त्याच्याच सोबत ती घरी गेली. तीन आठवड्यांनी ती परत आली, हात मोडून. तिचं ड्रेसिंग आम्ही नीट केलं होतं, पण ‘आज रात्री कुठे झोपणार?’ हे आम्ही विचारलंच नव्हतं. म्हणून सांगतो, सुरक्षित निवारा हासुद्धा उपचारच आहे.

आधी दवाखाना

डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि केसपेपरवर तेच लिहून घ्या. पुढे कोर्टात तो कागद बोलतो. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झाला असेल, तर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं मोफत उपचार करायलाच हवेत. ‘आधी पोलिसांत जाऊन या’ असं त्यांना म्हणता येत नाही. एचआयव्ही रोखण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितकी लवकर तितकी बरी. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही लगेच मागा. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. दोन बोटांची तपासणी करायला सर्वोच्च न्यायालयाची मनाई आहे. तिला ठाम नकार द्या.

मग निवारा

181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. जीव धोक्यात असेल तर 112 लावा. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, पोलिसांची मदत, वकिलाचा सल्ला आणि समुपदेशन एकाच ठिकाणी मिळतं, शिवाय साधारण पाच दिवस राहता येतं. जास्त दिवस राहायचं असेल तर तिथूनच महिला राज्यगृह किंवा शक्ती सदनात पाठवायला सांगा. मुलं सोबत असतील तर आधीच विचारा, कारण मोठ्या मुलग्यांसाठी वयाची अट असते.

घर सोडणं हा एकच मार्ग नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं, खोली भाड्याची असो, नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, बाईला तिथं राहण्याचा हक्क दिला आहे. मारणाऱ्या नवऱ्यालाच बाहेर राहायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करा.

हल्ला जातीवरून झाला असेल तर ॲट्रॉसिटी कायदा आहे. ‘तुम्ही बौद्ध, तुम्हाला तो लागू नाही’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना 1990 पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे. या कायद्याच्या कलम 15अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च, निर्वाहखर्च आणि गरज पडल्यास दुसरीकडे पुनर्वसन असे हक्क आहेत. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथं वकील मोफत मिळतो.

वस्तीनं काय करायचं?

आमचा अनुभव असा की बाईला परत पाठवण्यात आपलीच माणसं पुढं असतात. ‘समाजाचं नाव जाईल’, ‘पोरांकडे बघ’ म्हणत विहारात बैठक बसते आणि माफीनाम्यावर प्रकरण मिटवलं जातं. समाजाचं नाव मारणाऱ्यानं घालवलेलं असतं, तिनं नाही. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल अडल्यावर 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. स्त्रियांच्या हक्कापुढे त्यांनी खुर्ची मोठी मानली नाही, मग आपण बैठकीचा मान का मोठा करायचा?

महिला मंडळानं तीन कामं घ्यावीत. दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात तिच्यासोबत दोघी जणींनी जावं. ती कुठे राहते हे कोणालाही, तिच्या भावालाही, तिला विचारल्याशिवाय सांगू नये. आणि जिच्या घरी मारहाण होते, तिची एक पिशवी विश्वासू शेजारणीकडे ठेवावी: आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांचे शाळेचे कागद, चालू औषधं, थोडे पैसे.

पुढच्या वेळी वस्तीतली एखादी ताई ‘जिन्यावरून पडले’ म्हणाली, तर तिच्या जवळ बसा आणि हळूच विचारा, ‘आज रात्री कुठे झोपणार?’

जयभीम!