थायरॉइडची तपासणी: किती पैसे, कोणती तपासणी, गोळी कधी

थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सोसवत नाही, वजन चढतंय. साठीनंतर हे सगळं वयाच्या नावावर खपून जातं. एकदा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. पहिल्या खेपेला बहुतेकांना एवढं पुरतं. खासगी लॅबमध्ये साधारण २०० ते ५०० रुपये लागतात.

काउंटरवर ‘फुल बॉडी’ पॅकेज पुढे येईल: सत्तर-ऐंशी तपासण्या, दीड-दोन हजार रुपये. घेऊ नका. त्यातला एखादा आकडा किंचित इकडेतिकडे निघाला, की पुढच्या तपासण्या मागे लागतात आणि खरा खर्च तिथे होतो. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, तेवढंच करा. जोडायचंच असेल तर एचबीए१सी (साखरेची तपासणी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) जोडा; थायरॉइड मंदावला की कोलेस्टेरॉलही वाढतं. घरी येऊन रक्त नेण्याचे पैसे वेगळे आहेत का, हे फोनवरच विचारा.

टीएसएचसाठी उपाशी राहायची गरज नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर रिपोर्ट चुकू शकतो.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. टीएसएच तिथे होते का, ते आधी विचारा. आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड या तपासणीला चालत नाही. ते रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे.

रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेलं पण १० च्या आत असेल आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) नॉर्मल असेल, तर गोळीची घाई नको. उतारवयात टीएसएच थोडं वर सरकतंच. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गरजेपेक्षा जास्त डोसने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. हृदयविकार असेल तर तो न विसरता सांगा; मग डोस बहुधा १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू होतो.

गोळी स्वस्त आहे, महिन्याला बहुतेकदा शंभर रुपयांच्या आत. सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच करा, त्याआधीचे पैसे वाया. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय उघडू नका.