विमा मुदतीआधी रद्द केला तर हप्ता किती परत मिळतो?

भिवंडीत ग्रे कापडाचे आमचे एक गोदाम होते. आगीचा विमा एक वर्षाचा, हप्ता 12,000 रुपये. 1996 साली 165 दिवसांनी गोदाम खाली केले आणि विमा रद्द करण्याचा अर्ज दिला. 200 दिवस शिल्लक होते, तेव्हा साडेसहा हजार तरी येतील असा आमचा हिशेब. हाती आले 3,600!

फसवणूक झाली असेच वाटले. पण अट पॉलिसीतच छापलेली होती, आम्हीच ती वाचली नव्हती. कंपनीने विमा रद्द केला तर तिने 15 दिवसांची नोटीस द्यायची आणि उरलेल्या दिवसांचा हप्ता दिवसांच्या प्रमाणात परत करायचा. विमेदाराने रद्द केला तर मात्र अल्प मुदतीचा दर लागे. त्या वेळच्या टॅरिफप्रमाणे एक महिन्यापर्यंत 15 टक्के, तीन महिन्यांपर्यंत 40, सहा महिन्यांपर्यंत 70 टक्के हप्ता कंपनी ठेवी. नऊ महिने उलटले की काहीच परत नाही. आमचा सहावा महिना चालू होता, म्हणून 70 टक्के गेले.

टॅरिफचे दर 2007 पासून उठले. 2024 च्या नियमांनुसार घराच्या विम्यासारखी एक वर्षापर्यंतची वैयक्तिक पॉलिसी रद्द केल्यास, क्लेम घेतलेला नसेल तर, उरलेल्या मुदतीचा हप्ता प्रमाणात परत मिळतो. दुकान-गोदामाच्या पॉलिसीला मात्र हा नियम गृहीत धरू नये. तिच्यातील रद्द करण्याची अट वाचावी आणि परताव्याचा आकडा कंपनीकडून आधी लेखी मागावा.

खरे तर आम्हाला रद्द करण्याची गरजच नव्हती. माल दुसऱ्या गोदामात गेला होता. पत्ता बदलण्याचे एन्डोर्समेंट मागितले असते तर बहुधा काम भागले असते. माल बँकेकडे तारण असेल तर बँकेला आधी कळवावे, आणि नवी पॉलिसी हाती आल्याशिवाय जुनी सोडू नये. मधल्या दोन दिवसांत आग लागली तर परताव्याचे पैसे काय कामाचे?

आणखी एक. आमचा एजंट म्हणाला, “शेठ, रक्कम माझ्या खात्यात येऊ द्या, पुढच्या पॉलिसीत वळती करतो.” आम्ही नाही म्हटले. 1938 च्या विमा कायद्याचे कलम 64 व्हीबी सांगते की परतावा कंपनीने थेट विमेदारालाच द्यावा, एजंटच्या खात्यात कधीही जमा करू नये. चेक आमच्या पेढीच्या नावानेच आला.