तापमान, शीतरक्ती प्राणी आणि कोशाचे अर्थकारण

रायपूरच्या गोल बाजारासारख्या जुन्या बाजारपेठेत ‘कोसा’ या नावाने ओळखले जाणारे कापड म्हणजे टसर रेशीम. त्याच्या किमतीमागे एका शीतरक्ती जिवाचे शरीरशास्त्र आहे. विज्ञान व अर्थशास्त्र यांची सांगड घालू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण अवश्य अभ्यासावे.

शीतरक्ती म्हणजे थंड रक्ताचा, हा समज चुकीचा आहे. उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त आपल्याइतके उष्ण असू शकते. ज्यांच्या शरीराचे तापमान परिसरानुसार बदलते असे मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी व कीटक या गटात येतात (अपवाद आहेत, पण थोडे). तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास त्यांच्या चयापचयाचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो. मर्यादेपलीकडे मात्र विकरांचे कार्यच बिघडते. माशांची अडचण दुहेरी असते. २० अंशांस एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांस सुमारे साडेसात. गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

टसरची अळी तुतीच्या रेशीमकीटकाप्रमाणे घरात नव्हे, तर ऐन व अर्जुनाच्या झाडांवर उघड्या हवेत वाढते. पावसाळी पिकात ती सुमारे महिनाभरात कोश विणू लागते. थंडीत हाच काळ दीड महिन्यापर्यंत किंवा त्याहूनही लांबतो. तितके दिवस पक्षी व मुंग्यांपासून राखण करावी लागते. हे श्रम घरचेच असल्यामुळे त्यांची मजुरी हिशेबात धरली जात नाही, ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने गंभीर उणीव होय.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. अखेरच्या पिकातील कोषावस्थेतील कीटक पावसाळ्यापर्यंत सुप्तावस्थेत राहतो. (या सुप्तावस्थेस तापमानाबरोबरच दिवसाची घटती लांबीही कारणीभूत असते.) असे बीजकोश जूनपर्यंत सांभाळावे लागतात. मे महिन्यात रायपूर परिसरात पारा अनेकदा ४२ अंशांपुढे जातो. तेव्हा काही कीटक कोशातच मरतात, तर काही पतंग अवेळी बाहेर पडतात. नर व मादी एकाच वेळी उपलब्ध न झाल्यास मीलन होत नाही. झाले तरी अळ्यांना कोवळा पाला मिळत नाही. परिणामी ऐन हंगामात रोगमुक्त अंडीपुंजांचा तुटवडा पडतो. म्हणून बीजकोश मातीच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या घरात टांगतात व ओल्या गोणपाटांनी गारवा राखतात. गडचिरोली व भंडारा जिल्ह्यांतील टसर उत्पादकांपुढेही हाच प्रश्न आहे.

बस्तरमधील ‘रैली’ कोशांचे मात्र निराळे आहे. ते सालवनात नैसर्गिकरीत्या वाढतात आणि आदिवासी कुटुंबे ते गोळा करतात. तेथे उष्णतेने झालेली हानी कोणत्याही बीजगृहाच्या नोंदवहीत येत नाही. ती फक्त वेचणाऱ्याच्या टोपलीत दिसते.