नवं कॉन्फिगरेशन करण्याआधी

मोठी असेंब्ली उघडायला वेळ लागतो म्हणून जास्त रॅम मागण्याआधी त्या असेंब्लीतल्या पार्टांची कॉन्फिगरेशन्स एकदा तपासून घे. भोसरी-चाकणच्या डिझाइन ऑफिसांत सॉलिडवर्क्सवर कन्व्हेयर आणि एसपीएम काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नव्या कॉम्प्युटरनं सुटलेले प्रश्न मी थोडे पाहिले, फायली नीट लावल्यावर सुटलेले कितीतरी जास्त.

नवं कॉन्फिगरेशन जोडताना आधी एवढंच विचार, की ही वस्तू स्टोअरमध्ये वेगळ्या खणात जाणार आहे का? ५० मिमी व्यासाचा रोलर ४००, ५०० आणि ६०० मिमी लांबीत लागतो. पाइप तोच, बेअरिंग तेच, शाफ्टची टोकं तीच, फरक फक्त लांबीचा. हे घराणं एका फाइलीत सुखानं नांदतं. उद्या त्याच रोलरला चेनसाठी स्प्रॉकेट वेल्ड करायचं ठरलं, तर मात्र तो त्या फाइलीत घुसवू नकोस. त्याची घडण वेगळी, करून देणारा वेगळा आणि बदलाची कारणंही वेगळी. पीडीएम असेल तर हे जास्तच जपावं लागतं, कारण तिथे रिव्हिजन चढते ती अख्ख्या फाइलीवर. स्प्रॉकेटचे दात बदलले की साध्या रोलरचीही रिव्हिजन पुढे सरकते आणि लेथवाला हातातला जुना प्रिंट अजून चालेल की नाही, हे विचारायला फोन करतो.

एकाच वस्तूच्या दोन अवस्था असतील, तर हिशेब वेगळा. न्यूमॅटिक सिलिंडरची दांडी आत आणि दांडी बाहेर ही दोन कॉन्फिगरेशन्स जरूर कर, पण बिल ऑफ मटेरियलमध्ये दोन्हींचा नंबर एकच उतरला पाहिजे. त्यासाठी दुसरं कॉन्फिगरेशन पहिल्याच्या पोटात काढ आणि पार्ट नंबर मूळ कॉन्फिगरेशनला जोडून ठेव. रोलरच्या बाबतीत बरोबर उलटं. कॉन्फिगरेशनच्या प्रॉपर्टीजमध्ये बिलात कोणता नंबर दाखवायचा, ते निवडायची जागा असते. तिथे काही केलं नाहीस तर फाइलचं नावच धरलं जातं. मग तिन्ही लांब्यांचे रोलर एकाच नंबरानं बिलात येतात आणि पर्चेसवाला सगळ्यांची बेरीज करून एकाच लांबीची ऑर्डर सोडतो. त्यात त्याची चूक नसते. लांबी, मटेरियल, वर्णन या गोष्टीही कॉन्फिगरेशनपुरत्या टॅबमध्येच भर. आणि कुठल्याही कॉन्फिगरेशनला ‘डिफॉल्ट’ हे नाव राहू देऊ नकोस, त्यावरून दुसऱ्याला काहीच कळत नाही.

आता माप बदलण्याविषयी. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते लगेच दिसतही नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मापावर डबल क्लिक केलं की छोटी चौकट उघडते. आकड्याशेजारी कॉन्फिगरेशनचं चिन्ह असतं, त्यात तीन पर्याय असतात: फक्त हे कॉन्फिगरेशन, सगळी कॉन्फिगरेशन्स, किंवा तू निवडशील ती. हिरव्या टिकवर जाण्याआधी नजर तिथे गेली पाहिजे. तू ५०० च्या रोलरचा शाफ्ट १० मिमी वाढवलास आणि पर्याय ‘सगळी’ होता, तर ४०० आणि ६०० चे शाफ्टही त्याच मापाचे झाले. तुझ्यासमोरची असेंब्ली बरोबर दिसते. बिघडते ती दुसऱ्या ऑर्डरची, जी सहा महिन्यांपूर्वी पाठवली आणि आज स्पेअरसाठी कुणीतरी उघडली. म्हणून माप बदललं की त्या पार्टाच्या प्रत्येक कॉन्फिगरेशनवर जाऊन एकदा बघायचं, मगच सेव्ह.

चार-पाच लांब्या असतील तर हे हातानं निभतं. त्यापुढे एक्सेलचं डिझाइन टेबल घे. टेबल करण्याआधी मापांना नावं दे: पाइपची लांबी, शाफ्टची लांबी, खाचेची रुंदी. सॉफ्टवेअरनं दिलेल्या ‘डी १’, ‘डी २’ अशा नावांचं टेबल महिन्याभरानं तुलाही वाचता येणार नाही. टेबल असलेल्या पार्टात मॉडेलवरून थेट बदल होऊ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तशी सेटिंग असते, ती लाव. लांबी कुठून बदलते, याची जागा एकच राहते.

सगळ्यात वरच्या असेंब्लीला कॉन्फिगरेशन्स शक्यतो नकोतच. ३ उंचीचे पाय, ४ लांब्या, २ तऱ्हेचे ड्राइव्ह म्हटलं की २४ झाली. प्रत्येक नवा ब्रॅकेट आणि प्रत्येक नवा मेट त्या २४ ठिकाणी हवा की नको, हे ठरवत बसावं लागतं. ऑर्डरचं मशीन हे ऑर्डरचंच असतं, त्याची वेगळी फाइल कर आणि पर्याय खालच्या सब-असेंब्लींत ठेव. तिथेही नवे मेट आणि नवे कंपोनंट आपोआप सप्रेस करण्याची टिक प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या प्रॉपर्टीजमध्ये असते. ती कुठे लावली आहे, हे माहीत असल्याशिवाय काम सुरू करू नकोस. मेट देताना कडा आणि फिलेट टाळ, प्लेन आणि अक्ष धर. फिलेट एखाद्या कॉन्फिगरेशनमध्ये सप्रेस झालं की त्याला धरलेला मेट लाल होतो. प्लेन जागेवर राहतं.

गिअरबॉक्स आणि मोटरसाठी हलकं कॉन्फिगरेशन हवंच. स्वतः काढलेला पार्ट असेल तर आटे, पंख, कोरीव अक्षरं सप्रेस कर. फ्लँजचा चेहरा, बोल्टची भोकं आणि बाहेरचा शाफ्ट तसेच ठेव. पुरवठादाराकडून आलेल्या स्टेप फाइलीत सप्रेस करायला फीचरच नसतात. तिथे वरून साधा ठोकळा काढायचा, मूळ बॉडी डिलीट बॉडीनं काढायची आणि ही दोन्ही फीचर्स फक्त हलक्या कॉन्फिगरेशनमध्ये चालू ठेवायची. डिस्कवरचं फाइलचं ओझं त्यानं कमी होत नाही. म्हणून तपशीलवार मॉडेल कधीच लागणार नसेल, तर ठोकळ्याचीच वेगळी फाइल करून वापर. हलक्या कॉन्फिगरेशनचं नाव ऑफिसभर एकच आणि एकाच स्पेलिंगचं असावं, म्हणजे असेंब्लीत टेबल उघडून सगळ्या मोटरी एका दमात बदलता येतात.

हाइड आणि सप्रेस यांतही गल्लत नको. हाइड केलेला पार्ट मेमरीत असतो, त्याचे मेट सुटत असतात, वजनातही तो मोजला जातो. सप्रेस केला की यातलं काहीच राहत नाही. स्क्रीनवर नुसती अडचण होत असेल तर हाइड किंवा डिस्प्ले स्टेट पुरे, त्यासाठी कॉन्फिगरेशन खर्ची घालू नये.

प्रत्येक सेव्हला रिबिल्ड होऊन साठण्याची खूण जेवढ्या कॉन्फिगरेशन्सवर, तेवढी फाइल फुगते. रोज लागणाऱ्यांवरच ती ठेव.

नट-बोल्ट टूलबॉक्समधून घेत असशील, तर त्यांचे आकारसुद्धा मूळ फाइलीतली कॉन्फिगरेशन्सच असतात. टूलबॉक्सचा फोल्डर प्रत्येकाच्या मशीनवर वेगळा असेल, तर तुझा एम १२ बोल्ट दुसऱ्याकडे भलत्याच आकारात उघडतो, कारण त्याच्या फाइलीत ते कॉन्फिगरेशन बनलेलंच नसतं. फोल्डर सर्व्हरवर एकच ठेवायचा, सगळ्यांच्या सेटिंगमध्ये तोच दाखवायचा. असेंब्ली बाहेरच्या फॅब्रिकेटरला द्यायची असेल तर पॅक अँड गो करताना टूलबॉक्सचे पार्ट सोबत घ्यायची टिक लाव, आणि पाठवण्याआधी ती झिप टूलबॉक्स नसलेल्या एखाद्या कॉम्प्युटरवर उघडून बोल्टची मापं तपास.