नागर जाणीव आणि माळाची भाषा

मराठी निसर्गलेखनाची चर्चा बहुतांशी 'रान' आणि 'जंगल' या शब्दांभोवती फिरते. 'माळ' या शब्दाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. सोलापूरच्या संदर्भात ही उपेक्षा विशेष जाणवते, कारण या शहराच्या वेशीबाहेरचा मूळ निसर्ग गवताळ माळाचा आहे.

भवानी पेठेसारख्या दाट वस्तीतील रहिवाशाचा या माळाशी संबंधच नाही, असे म्हणता येणार नाही. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारे हजारो सोलापूरकर याच मुलखातून रात्रभर चालतात. संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात, तीही एका अर्थी जुन्या नगरसीमेचीच प्रदक्षिणा होय. मात्र हे नाते देवाचे आणि वाटेचे आहे. वाटेवरच्या भूमीला नाव मिळते ते महसुली दप्तरातून : पडीक, पोटखराबा, गायरान. त्यात 'ओसाड' या विशेषणाची भर साहित्याने घातली. यांतील 'गायरान' वगळता प्रत्येक शब्द त्या भूमीत काय नाही तेवढेच सांगतो. अशी भूमी 'मोकळी जागा' ठरायला मग वेळ लागत नाही.

लोकभाषेने मात्र वेगळी नोंद ठेवली आहे. माळढोक, माळटिटवी, तणमोर या नावांत पक्ष्याआधी त्याचा अधिवास येतो. शेतकरी जे तण उपटून टाकतो, त्याच्याच नावाने एका देखण्या पक्ष्याची ओळख व्हावी, ही गोष्ट कोशकारांनी अधिक गंभीरपणे घ्यायला हवी होती.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. जन्म सोलापूरचा, २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच. परंतु त्यांच्या लेखनाचे केंद्र राहिले ते विदर्भातील नवेगाव, नागझिरा, मेळघाट. 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द घडवून त्यांनी नागर वाचकाला पाहण्याची परिभाषा दिली. ती प्रामुख्याने झाडीची आणि पाणथळीची परिभाषा आहे. हा त्यांच्या लेखनाचा दोष नव्हे. वनाधिकारी म्हणून जो प्रदेश वाट्याला आला, तोच शब्दांत उतरला. तरीही त्यांच्या जन्मगावाचा माळ मराठी गद्यात तुलनेने अबोल राहिला, हे नोंदवणे भाग आहे.

या अबोलपणाचे परिणाम केवळ वाङ्मयीन नाहीत. १९७९ मध्ये नान्नज परिसरासह सोलापूर-अहमदनगर भागातील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोकसाठी राखीव झाले. शेते आणि गावेही त्यात आल्यामुळे पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटवावे लागले. या क्षेत्रासाठी उपलब्ध शब्द होता 'अभयारण्य'. जेथे अरण्य नाही, तेथे अरण्याचे नाव! शहरातून गेलेला पाहुणा मग तेथे झाडी शोधतो आणि गवत, काळवीट, खोकड यांच्याकडे 'काही नाही' म्हणून पाठ फिरवतो. वनीकरण म्हणून माळावर ग्लिरिसिडियासारखी परकी झाडे लावली गेली, त्यामागेही हीच समजूत दिसते. माळढोकाला उघडे गवत लागते. त्याचे अंडे जमिनीवर असते.