नामाचा सोबती

गाणगापुरास आलेला यात्रेकरू भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करतो, पादुकांचे दर्शन घेतो, औदुंबराला प्रदक्षिणा घालतो आणि दुपारी माधुकरी मागतो. ‘दर्शन करतो’ एक वेळ चालेल; ‘प्रदक्षिणा मागतो’ म्हटले तर बालकही हसेल. येथील कानडी माणूसही ‘स्नान माडु’, पण ‘प्रदक्षिणे हाकु’ असेच म्हणतो. म्हणजे तोही घालतोच. आमची मातृभाषा कोंकणी. तीत हाकेला ‘उलो’ म्हणतात, तोही मारावाच लागतो!

इंग्रजीतही नामाने आपले क्रियापद आधीच निवडलेले असते. गृहपाठाला ‘डू’, चुकीला ‘मेक’, स्नानाला ‘टेक’. आपण लक्ष देतो. इंग्रज ते ‘पे’ करतो, जणू नाणी मोजून! आपले विद्यार्थी मात्र ‘करणे’ आठवून सर्वत्र ‘डू’ लावतात. म्हणून नाम पाठ करावयाचे ते त्याच्या क्रियापदासहच.

क्रियाविशेषणांत धोका अधिक. ‘स्लो’चे ‘स्लोली’ होते, हे खरे. पण ‘लेटली’ म्हणजे उशिरा नव्हे, अलीकडे. एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले, ‘माय फादर वर्क्स हार्डली’. ‘हार्डली’ म्हणजे जवळजवळ नाहीच. तुरीच्या रानात दिवसभर राबणारा बाप एका ‘ली’ने आळशी ठरला! तेथे नुसते ‘हार्ड’ हेच क्रियाविशेषण आहे. आम्ही वाक्य खोडले नाही, केवळ अर्थ सांगितला. मुलगा क्षणभर स्तब्ध राहिला आणि त्याने स्वतःच ते ‘ली’ खोडले.